हाकेला ओ

१

कुठलीही गोष्ट हातात घेण्याआधी दादा तळवे एकमेकांवर चोळायचे. चहाचा कप असो, दाराची कडी असो, की शेजारच्या मांजराचं डोकं असो. आधी तळवे चोळायचे, मग त्यांच्यावर एक फुंकर मारायची आणि मगच हात पुढे करायचा. पलटणीत पाद्री म्हणून गेले तेव्हा जडलेली ही सवय म्हातारपणीही सुटली नव्हती.

"मरणाऱ्या माणसाला गार हात लावू नये, चिंगे," ते म्हणायचे. "दचकतो तो. आधीच बिचाऱ्याच्या मागे काय कमी कटकटी असतात?"

चिंगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिचे केस पांढरेफटक झाले होते, कवळी बसवून झाली होती आणि सगळी गल्ली तिला कंपाउंडरबाई म्हणायची, कारण दवाखान्याच्या खिडकीमागे औषधं कालवून देण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिला चिंगी म्हणायची छाती जगात एकट्या दादांचीच. लग्न दोघांनीही केलं नाही. लढाईनंतर दादा सैन्यातून सुटले ते एक ट्रंक आणि एक पदक घेऊन थेट तिच्या दारात आले. तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "आलास? पाय पूस आधी." झालं, एवढंच स्वागत. तेव्हापासून दोघं एका छपराखाली भांडत सुखाने राहत होती.

दुपारी जेवणं झाली की दादा मागच्या अंगणात उन्हाला बसत आणि बाई स्वयंपाकघरात भांडी आवरत. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. खिडकीतून दादांचं टक्कल दिसत होतं, त्यावर ऊन पडलं होतं. मान छातीवर टेकलेली, म्हणजे डुलकी लागलेली. बाई बशी पुसत होत्या. एवढ्यात मागून, दादांच्या खोलीतून, तळवे चोळल्याचा आवाज आला. खस्स, खस्स. आणि मग फुंकर.

बाईंनी आधी खिडकीबाहेर बघितलं. टक्कल जागच्या जागी होतं.

घाबरणं हा बाईंचा स्वभाव नव्हता. त्या उठल्या, पदर खोचला आणि खोलीत जाऊन बघून आल्या. पलंग, ट्रंक, वेताची खुर्ची, बंद पंखा. पडदा हलला असेल, त्यांनी ठरवून टाकलं. सकाळी फरशी पुसताना त्यांनी स्वतःच तो पडदा वर बांधून ठेवला होता आणि गाठ अजून तशीच होती. बांधलेला पडदा हलतो कसा, हा प्रश्न त्यांना पडला जरूर, पण तेवढ्यावरच सोडून त्या बश्यांकडे परत गेल्या.

२

पदक बटणांच्या डब्यात पडलेलं असायचं. बाई अधूनमधून राखेने घासून ते लखलखीत करायच्या आणि दादा "कशाला उगाच?" म्हणायचे.

पदकाची हकीकत गल्लीला तोंडपाठ होती. जखमींच्या तंबूवर तोफगोळे पडायला लागले तेव्हा सगळ्यांना मागे फिरायचा हुकूम झाला. ज्यांना हलवणं शक्य नव्हतं ते तिथेच राहिले, आणि त्यांच्यासोबत पाद्रीही राहिला. मदत पोचली तेव्हा तो एकटाच जिवंत होता. समारंभात कोणा बड्या माणसाने असामान्य धैर्य वगैरे भाषण ठोकलं.

"धैर्य कसलं डोंबलाचं?" दादा म्हणायचे. "एकाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उठलो असतो तर आपटलं असतं."

"पण इतका वेळ करत काय होतास? प्रार्थना?"

"प्रार्थना लगेच संपते ग. मरायला वेळ लागतो." मग पुढे सांगायचे, "शेवटी शेवटी सगळे आईला हाक मारतात. दाढीमिशावाले, शिव्या देणारे, देव न मानणारे, सगळे. मग ओ द्यायची. 'हो बाळा, आले.' आवाज पुरुषाचा आहे, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. एकजण 'मोत्या, मोत्या' करत होता. मी आपला 'काय रे राजा, काय हवंय?' तर तो अजूनच कासावीस. मग माझी ट्यूब पेटली. मोत्या म्हणजे घरचा कुत्रा!"

"मग काय केलंस?"

"काय करणार? भुंकलो. हळूच. हाताला नाक लावलं त्याच्या. हसला ग तो, आणि गेला."

ही गोष्ट ऐकून बाई दर वेळी हसायच्या आणि दर वेळी शेवटी त्यांचा पारा चढायचा. कारण दादा तिकडे दुसऱ्यांच्या आया होऊन बसले होते, तेव्हाच इकडे त्यांची स्वतःची आई अंथरुणावर त्यांची वाट बघत होती.

"आला का ग तो, असं विचारलं आईने. सारखं विचारत होती. मी म्हटलं, नाही आला. तोंड फिरवलं तिने भिंतीकडे."

"तू हो म्हणायचंस, चिंगे."

"नव्हतास तू! खोटं सांगू?"

"ते खोटं नसतं ग. आपण एकटे नाही, एवढंच त्यांना हवं असतं. ओ कोणी का देईना."

बाईंना हे पटायचं नाही. दवाखान्यात त्यांनी कधी पाण्याला औषध म्हटलं नव्हतं.

आईची स्वतःची ओ मात्र अशी गोडबिड मुळीच नव्हती. कोणीही हाक मारली की स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ, "ओ, आले! हातातलं टाकून येऊ का?" लाडाने जवळ घेणाऱ्यांतली ती बाई नव्हती. पण ती ओ ऐकली की लहानपणी दोघांनाही घर जागेवर असल्यासारखं वाटायचं.

"माझी वेळ येईल तेव्हा मीही आईलाच हाक मारीन," दादा एकदा चहा पिताना म्हणाले. "तेव्हा तू ओ दे. अगदी तिच्यासारखी."

"मला नाही जमायचं. आणि भलतंसलतं बोलू नकोस, चहा निवतोय."

"बघ बाई." दादांनी कपाआधी तळवे चोळले. "तू नाही दिलीस तर दुसरं कोणीतरी देईल."

३

थंडी पडली आणि दादा अंथरुणाला खिळले. काळीज थकलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुशीवर वळायलाही बहीण लागायची. बाईंनी पलंग खिडकीजवळ ओढून घेतला, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या आणि कंबर कसली. आईच्या वेळी जे झालं ते आता होऊ द्यायचं नाही. दादांना एकट्याने जाऊ द्यायचं नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली होती.

खुर्चीचं लक्षात आलं ते केर काढताना. बाई वेताची खुर्ची रोज सकाळी भिंतीला लावून ठेवायच्या, आणि दुपारी ती पलंगाशी असायची. उजव्या अंगाला, अगदी बसणाऱ्याचा गुडघा गादीला लागेल इतकी जवळ.

"दादा, उठला होतास?"

"मी?" दादा हसले. "नाक खाजवायला मला तू लागतेस."

जमिनीलाच उतार असणार, बाईंनी ठरवलं. आणि ठरवून गप्प बसतील तर त्या कंपाउंडरबाई कसल्या! त्यांनी बाटलीतून एक गोल गोळी काढली, पलंगाच्या पायाशी ठेवली आणि सोडली. गोळी घरंगळत भिंतीकडे गेली. म्हणजे उतार होता, पण उलटा. खुर्ची रोज चढण चढून येत होती. बाईंनी वाकून गोळी उचलली, पदराला पुसली आणि बाटलीत परत टाकण्याऐवजी केरात टाकली.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. बाई फाटक उघडायला गेल्या, दोन शब्द बोलत दोघी आत आल्या. डॉक्टरीणबाईंनी दादांच्या तळपायाला हात लावला आणि कपाळाला आठी घातली.

"पाय गार पडलेत हो. डावा हातही." मग त्यांनी उजवा हात धरला आणि चेहरा जरा सैल झाला. "हा मात्र छान गरम आहे. तुम्ही धरून बसला होतात ना?"

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. वेताच्या विणीत मधोमध खळगा पडला होता, आणि तो अगदी हळूहळू वर येत होता.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच बसले होते."

जन्मात पहिल्यांदा त्या सरळ तोंडावर खोटं बोलल्या. ते इतकं सोपं असतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

४

मग दुपारी खोलीतून बोलणं ऐकू यायला लागलं. बाई दूध तापत ठेवून उभ्या असायच्या आणि मधल्या बोळातून दादांचा आवाज यायचा.

"नाही रे, इतकं गोड नको. ती वैतागायची. जरा वैताग आण."

आणि मग दुसरा, घोगरा आवाज, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणून दाखवावा तसा, "हातातलं टाकून येऊ का."

"आता बरं आहे. पण आधी भांडं आदळायचं."

दादा नकला करतायत, बाईंनी स्वतःला समजावलं. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढले, आता पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय? त्यांना हायसं वाटलं, थोडं हसूही आलं. घोगरा झाला, मग एक खोकत खोकत म्हणणारा झाला, मग एक इतका कोवळा की त्याला अजून मिसरूडही फुटलं नसावं. दादांना हे सगळं येतं, हे बाईंना आत्ताच कळत होतं.

मग एके दिवशी त्यांनी दादांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवलं. "तोंड मिटून ठेव, मी दूध बघून येते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. दूध वर यायला लागलं होतं. गॅस बंद करायला हात पुढे केला आणि खोलीतून भुंकणं ऐकू आलं.

ते कुत्र्याचं नव्हतं. माणूस भुंकत होता. अगदी हलक्या आवाजात, समजुतीने, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून जपून भुंकावं तसं.

दूध उतू गेलं. बाई बोळातून धावल्या. दादा उताणे पडले होते, ओठ घट्ट मिटलेले आणि ओठांतून थर्मामीटर तिरकं बाहेर आलेलं, त्यांनी ठेवलं होतं तसंच. डोळे तेवढे हसत होते.

बाईंनी थर्मामीटर काढलं. पारा काही वाचता येईना.

"कोण आहे इथे?"

"घाबरू नकोस ग."

"घाबरायला काय झालंय मला? कोण आहे ते सांग!"

दादांनी उजव्या बाजूला बघितलं, घरात पाहुणे असताना त्यांच्याबद्दल बोलायला माणूस जसा संकोचतो तसं.

"मी ज्यांना ओ दिली ते. माझं कोण करणार, म्हणून आलेत. पण त्यांना आपली आई कुठे माहीत? म्हणून सारखं विचारतात, ती कशी बोलायची. पोरं चांगली आहेत ग. मन लावून शिकतायत."

बाईंना भीती तर वाटलीच, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्याही वर राग उसळला.

"माझी आई आहे ती!" त्या रिकाम्या खुर्चीवर ओरडल्या. "काही शिकायची गरज नाही कोणाला. ओ मी देईन. ऐकलंत? मी देईन!"

दादांनी डोळे मिटून घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या संध्याकाळी उतू गेलेलं दूध पुसताना बाई स्वतःशीच म्हणून बघत होत्या. "ओ, आले. हातातलं टाकून येऊ का?" आवाज चिरका यायचा. पुन्हा म्हणायच्या. आईचा वैताग काही केल्या येईना. वैतागायला बाईंना एरवी कोणी शिकवावं लागत नव्हतं, पण हे एक वाक्य विनवणीसारखंच यायचं.

५

तो दिवस उजाडला तेव्हाच बाईंना कळलं. दवाखान्यात राहून एवढं कळतंच. दादांच्या नाकाची धार निघाली होती, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होता. बाईंनी खोलीच्या दाराला आतून कडी घातली, वेताची खुर्ची पलंगाशी ओढली आणि स्वतः तीत ठाण मांडून बसल्या. आधी तळवे चोळले. फुंकर मारली. मग दादांचा उजवा हात हातात घेतला. आता खुर्ची भरलेली होती, हातही भरलेला होता. यायचं त्यांनी यावं खुशाल.

ऊन पलंगावर चढलं, पांघरुणावरून सरकत दादांच्या छातीपर्यंत आलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. बाई एकदाही उठल्या नाहीत. तहान लागली तरी नाही. मध्ये एकदा दादांनी डोळे उघडले, "चिंगे, जेवलीस का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मिटले.

मग त्यांची बोटं बाईंच्या हातात जराशी आवळली.

"आई," दादा म्हणाले.

आवाज लहान मुलाचा होता. बाईंनी श्वास घेतला. वाक्य जिभेवर तयार होतं. आता. आत्ताच्या आत्ता. ओठ उघडले, आणि नुसती हवा बाहेर आली.

"आई ग," दादा पुन्हा म्हणाले, जरा घाबरून.

स्वयंपाकघरात भांडं आदळलं.

"ओ, आले! हातातलं टाकून येऊ का?"

तो वैताग. शेवटचा शब्द तसाच वर चढलेला. घोगरेपणा नाही, खोकला नाही, पाठांतर नाही. इतक्या वर्षांनी तोच आवाज त्याच दिशेने आला, आणि दादांच्या कपाळावरची एकेक आठी उलगडली. हे सगळं बाईंनी बघितलंच नाही. त्यांची मान केव्हाच दाराकडे वळली होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्या तोंडून शब्द गेला होता.

"आई?"

मग बोळातून पावलं वाजत आली. आईची पावलं नव्हती ती. जड बूट घातलेलं कोणीतरी शक्य तितकं हलक्या पायाने चालत होतं. खस्स, खस्स, तळवे चोळल्याचा आवाज आला. बंद दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, एक हात टेकला. तरुण हात, नखांत माती, मनगटावर खाकी बाहीची फाटकी कड. त्याच्या वर बघायचं धाडस बाईंना झालं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि घट्ट डोळे मिटले.

कोणीतरी शेजारी येऊन वाकलं. उबदार बोटांनी बाईंच्या हातातून दादांचा हात अलगद सोडवून घेतला, पाळण्यातलं मूल उचलावं तसा जपून. आणि बाईंच्या अगदी कानाशी, आईच्या आवाजात, कोणीतरी म्हणालं,

"तुझ्याकडेही येते ग. हातातलं एवढं होऊ दे."

बाईंनी डोळे उघडले तेव्हा दादांचे डोळे कोणीतरी मिटवले होते. दाराची कडी आतून तशीच होती.

६

सगळं पार पडलं. पलटणीतले दोघे-तिघे म्हातारे आले, पदक दादांच्या छातीवर लावून त्यांना निरोप दिला. बाई रडल्या, मग नेहमीच्या कामाला लागल्या. दादा एकटे गेले नाहीत, आपण शेजारीच होतो, असं त्या भेटायला येणाऱ्याला सांगायच्या. ते खरंच होतं. त्यापुढचं कोणी विचारत नव्हतं.

डॉक्टरीणबाई एकदा सहज डोकावल्या. बाई नुकत्याच गार पाण्यात भांडी घासून उठल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघायला हात धरला.

"तब्येत ठणठणीत आहे हो तुमची. आणि या थंडीत हात किती छान गरम!"

"दोन्ही?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा हात धरून बघितला आणि उगाच हसल्या. "नाही, हाच. उजवा."

त्या गेल्या. दुपारचं ऊन ओट्यावर आलं. बाईंनी फडकं घेतलं आणि धुतलेल्या बश्या पुसायला लागल्या. मागचं अंगण रिकामं होतं. मनात काही नव्हतं, संध्याकाळी काय शिजवायचं एवढाच विचार.

"चिंगे," खोलीतून हाक आली.

"ओ, आले!" बाई म्हणाल्या. "हातातलं टाकून येऊ का?"

अगदी बरोबर आलं. तोच वैताग, शेवटचा शब्द तसाच वर चढलेला. जन्मात जमलं नव्हतं ते कसं चटकन ओठांवर आलं. मग आपण कोणाला ओ दिली ते बाईंच्या ध्यानात आलं.

खोलीतून पुन्हा हाक आली नाही. वेताची खुर्ची तेवढी करकरली, कोणीतरी घाई नसल्यासारखं मागे टेकून बसावं तशी.

बाईंनी हातातली बशी पुसली. उलटी करून पुसली. मग पुन्हा सुलटी. बशी केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती खाली न ठेवता कंपाउंडरबाई पुसतच राहिल्या.